‘अलाऊ’ दाबायची सवय

‘तुमच्या मोबाईलमध्ये ४ व्हायरस सापडले आहेत. बॅटरीचे २८.१ टक्के नुकसान झाले आहे. लगेच दुरुस्ती न केल्यास सिमकार्ड निकामी होईल.’ खाली उलट मोजणारे घड्याळ, त्याखाली मोठे हिरवे बटण, वर गूगलच्या रंगांतले कसलेसे चिन्ह, आणि हे सगळे उमटत असतानाच हातातला फोन थरथरतो. दहावीचा निकाल शोधताना, भरतीची जाहिरात वाचताना, क्रिकेटचा सामना फुकटात बघताना मधेच उगवणारी ही पाटी बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्यात खरी घाबरवणारी गोष्ट एकच. तिला आपल्या फोनचे मॉडेल माहीत असते. नाव घेऊन बोलतोय म्हणजे आत शिरलेलाच असणार, असा तर्क कोणीही करील. पण मॉडेलचे नाव बहुतेक ब्राउझर मागेल त्या साइटला सांगून टाकतात. फोन थरथरवणे हीही वेबपानाला सहज जमणारी करामत आहे. चार व्हायरस मात्र कोणी मोजलेले नसतात, कारण फोनच्या आतल्या फायली वेबपानाला तपासताच येत नाहीत. ब्राउझर त्याला आपल्या चौकटीत कोंडून ठेवतो. राहता राहिला २८.१. तो दशांश विचार करून घातलेला आहे. ज्या मुलखात उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याच्या हिशेबाने ठरते आणि पॉइंट दोन-तीनच्या फरकावरून कारखान्याच्या सभेत माईकची ओढाओढ होते, तिथे गोल आकड्यापेक्षा दशांशावर माणसाचा विश्वास लवकर बसतो. ती पाटी लिहिणाऱ्याने बारामतीचे नावही ऐकलेले नसेल, पण मोजमापाचा धाक काय चीज आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे.

बारामती आणि इंदापूर हे तालुके या विषयासाठी मुद्दाम निवडण्यासारखे आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने, नीरा डावा कालवा, उजनीचा फुगवटा, निमगाव केतकीची पानमळ्यांची आणि डाळिंबांची ख्याती, वालचंदनगरची कारखानदारी, बारामतीची एमआयडीसी. या सगळ्याचा पैसा आता बँक खात्यातूनच फिरतो आणि खाते फोनमध्ये असते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर उसाची शेती करण्याचा प्रयोग सुरू केला. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला यांनी त्याची जाहीर वाखाणणी केली. पाणी किती द्यायचे, खत कधी टाकायचे, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळते. ई-पीक पाहणी फोनवर, फार्मर आयडी फोनवर, महाडीबीटीचा अर्ज फोनवर. म्हणजे फोन हे आता करमणुकीचे खेळणे राहिलेले नाही, ते औत झाले आहे. आणि त्याच पडद्यावर, उसाच्या पाण्याच्या सल्ल्यानंतर दोन मिनिटांनी, ‘४ व्हायरस’ येतात. दोन्ही संदेश एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच घंटीसह येतात. कोणता खरा हे ठरवण्याचे काम आपण वाचणाऱ्यावर सोडून दिले आहे.

हे काम त्याच्यावर सोडणे चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी आधी रोगाचे स्वरूप कसे बदलले ते पाहावे लागेल. १९९० च्या दशकात व्हायरस विचारून येत नसे. कोणाची तरी फ्लॉपी घातली, संगणक सुरू केला, की तो आत. मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस ६ मार्चची वाट बघत गुपचूप बसायचा आणि त्या दिवशी डिस्क पुसून टाकायचा. याच काळात पुण्यात, मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करीत होते आणि त्यांचे धाकटे बंधू संजय व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहीत होते. त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. त्या नावातच त्या काळाची समजूत आहे: बाहेरून लागण होते, आत औषध घालायचे. पुढे इंटरनेट आल्यावरही बराच काळ हीच तऱ्हा होती. पान नुसते उघडले तरी फ्लॅश किंवा जावाच्या फटीतून मालवेअर उतरायचे. अशा फटी शोधून देणारी ‘अँग्लर’सारखी तयार हत्यारे भाड्याने मिळत. मग फटी बुजत गेल्या. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या प्लगइनना दार बंद केले, २०१६ च्या जूनमध्ये अँग्लर दिसेनासे झाले, २०२० च्या अखेरीस फ्लॅशच इतिहासजमा झाले. आज अद्ययावत ब्राउझरच्या भिंतीला भोक पाडणे हे फार महागडे काम आहे. सामान्य चोराला ते परवडत नाही. त्यापेक्षा घरमालकालाच कडी काढायला लावणे स्वस्त. म्हणून आताचे मालवेअर लागण होऊन येत नाही, ते परवानगी मागून येते.

ही परवानगी कशी मागितली जाते ते जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या पानावर गोल फिरणारे चाक दिसते आणि खाली लिहिलेले असते की, आपण रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाऊ’ दाबा. वर ब्राउझरचा छोटा चौकोन उघडतो. त्यात साइटचे नाव, आणि तिला नोटिफिकेशन पाठवू द्यायच्या का, एवढाच प्रश्न असतो. रोबोटचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन वाक्ये दोन वेगळ्या मालकांची आहेत: खालचे चोराचे, वरचे ब्राउझरचे. पण माणूस खालचे वाचतो आणि वरचे दाबतो. क्रोमने ही सोय २०१५ मध्ये आणली ती बातम्या आणि निरोप यांच्यासाठी. एकदा ‘अलाऊ’ झाले की ते पान बंद केले, फोन बंद करून चालू केला, तरी साइटचे निरोप येतच राहतात, आणि ते येतात फोनच्या स्वतःच्या निरोपांच्या रांगेत, बँकेच्या एसएमएसच्या शेजारी. ‘व्हायरस सापडला’, ‘तुमचे केवायसी संपले’, ‘कर्ज मंजूर’. माणूस म्हणतो, मोबाईल हॅक झाला. काहीही हॅक झालेले नसते. आपणच दिलेला एक होकार रोज वाजत असतो. खरी चोरी पुढच्या पायरीवर होते: त्या निरोपावर बोट ठेवले की एक ॲप उतरवायला सांगतात, प्ले स्टोअरच्या बाहेरची एपीके फाइल. तिला एसएमएस वाचण्याची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी दिली की ओटीपी मालकाच्या आधी चोराला दिसतो. ‘पीएम किसान’च्या नावाने, आरटीओच्या चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके याच जातीच्या. मोजून चार होकार. एकाही ठिकाणी कुलूप तोडलेले नाही.

आता प्रश्न असा की, इतक्या सहज ‘हो’ म्हणायला माणसाला शिकवले कोणी? उत्तर अवघड जागेचे आहे. आपल्या सरकारी आणि निमसरकारी साइटींनीच. महाभूलेखवर विनास्वाक्षरी सातबारा वेगळ्या खिडकीत उघडण्याची पद्धत होती. ब्राउझरने ती खिडकी अडवली की ‘पॉप-अप ब्लॉकर बंद करा’ हा उपाय गावोगावच्या सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांत तोंडपाठ झाला. पावती छापायची तर पॉप-अप सुरू करा. डिजिटल सही करायची तर साइटवरून एक प्रोग्रॅम उतरवून बसवा. अंगठ्याचे यंत्र चालवायचे तर अमुक ड्रायव्हर टाका. ब्राउझर ‘ही साइट सुरक्षित नाही’ असे ओरडला तर ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे जा. वर्षानुवर्षे खऱ्या कामासाठी खऱ्या कचेऱ्यांनी हेच करायला लावले. चोराची पाटी यापेक्षा वेगळे काय सांगते? तिची भाषा, तिची घाई, तिची हुकमत सगळी कचेरीकडून उसनी आणलेली आहे. ‘आजच करा, नाहीतर लाभ बंद’ हे वाक्य खऱ्या योजनेच्या निरोपात असते आणि खोट्याच्याही. साक्षर होण्याचा अर्थच आपण ‘दिसेल ते बटण दाबता येणे’ असा करून ठेवला. एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे आणि त्याने लाखो पोरांना माऊस धरायला शिकवले, हे मोठेच काम. पण साइटचा पत्ता शेवटाकडून कसा वाचायचा, म्हणजे ‘जीओव्ही डॉट इन’च्या आधी काय आहे हे पाहायचे की नंतर, हे जितके ठसायला हवे होते तितके ठसले नाही.

आणि ठसले असते तरी एक पंचाईत उरतेच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्याचा फतवा निघाला तेव्हा परिवहन खात्याने राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्यांना काम दिले. त्या कंपन्यांच्या अधिकृत साइटींच्या नावाशेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हते. झाले, तशाच दिसणाऱ्या बनावट साइटी उगवल्या, लोकांनी पैसे भरले, पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. एमएच-४२ ची जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाने आयुष्यभर ‘सरकारी साइट असेल तर जीओव्ही डॉट इन बघा’ हा नियम पाळला असता, तर त्याला खरी साइटच खोटी वाटली असती. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी १८ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली आणि पाठोपाठ बनावट साइटींपासून सावध राहण्याचे आवाहन सरकारलाच करावे लागले. इथे साइट सरकारी नावाचीच होती, पण ती गर्दीने उघडेना. ओटीपी येईना. अशा वेळी बाई शोधपेटीत योजनेचे नाव टाकते आणि जे पहिले उघडेल त्यावर आधार क्रमांक भरते. खरे दार तुंबले की शेजारचे खोटे दार गजबजते, हे दहावीच्या निकालाच्या दुपारी दरवर्षी दिसते आणि २०२३ च्या तलाठी भरतीतही दिसण्याजोगे होते. ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढी माणसे एकाच वेळी एकाच गोष्टीची चौकशी करीत असतील तर जाहिरातबाजाला तो हंगामच.

यात आणखी एक पदर आहे तो सामायिक संगणकाचा. शहरातला माणूस स्वतःच्या चुकीने स्वतः बुडतो. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात एका केंद्रातल्या एका संगणकावर दिवसाकाठी कितीतरी जणांचे आधार, पॅन, सातबारा, जातीचे दाखले, पासबुकाची पहिली पाने स्कॅन होतात आणि ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच पडून राहतात. त्या संगणकावर चुकून आलेला एक मालवेअर म्हणजे गावाची कुंडली. आता तर चोराने फाइल उतरवायचीही गरज ठेवलेली नाही. २०२४ पासून पसरलेली एक युक्ती अशी: रोबोट नाही हे सिद्ध करा म्हणून तीन पायऱ्या दाखवतात. विंडोजच्या बटणासह आर दाबा, कंट्रोलसह व्ही दाबा, एंटर मारा. पानाने तोवर आपल्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. ती आपणच आपल्या हाताने संगणकाला देतो. अँटिव्हायरसला वाटते, मालकाचीच इच्छा. अशा वाटांनी पसरलेल्या ‘लुम्मा’ या पासवर्डचोर मालवेअरवर मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजार विंडोज संगणकांना त्याची बाधा झाल्याचे सांगितले. केंद्र चालवणारी पोरे या तीन पायऱ्या चटकन करतात, कारण कळफलकावर त्यांचा हात बसलेला असतो. सफाई हीच इथे अडचण ठरते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोक हावरट आणि भोळे. फुकटचा सिनेमा बघायला जातात कशाला? हा आक्षेप शहरात बसून घेतला जातो, म्हणून त्याला या तालुक्यांतूनच उत्तर द्यायला हवे. साखरपट्ट्यातला शेतकरी भोळा आहे हे विधान ज्याने काट्यावर उभी असलेली उसाची गाडी पाहिलेली नाही तोच करील. काटा मारला जातो हा संशय इथे पिढीजात आहे. बाहेरच्या काट्यावर वजन करून मग गाडी कारखान्यात नेऊ द्या ही मागणी दर हंगामात होते. बियाण्याची पिशवी घेताना तो टॅग बघतो, लॉट नंबर बघतो, पक्के बिल मागतो, आणि उगवण झाली नाही तर तेच बिल घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो. १९६६ च्या बियाणे कायद्याने त्या टॅगला अर्थ दिलेला आहे. संशय त्याच्या अंगात आहेच. पडद्यावर त्या संशयाला धरायला काही मिळत नाही. पिशवीवर टॅग कुठे असतो हे ठरलेले आहे. साइटवरचा टॅग म्हणजे तिचा पत्ता, आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो अर्धा झाकलेला, इंग्रजीत, बारीक अक्षरात असतो. कधी-कधी पान खाली सरकवले की तोही लपतो. राहिला फुकट्या साइटींचा मुद्दा. सप्टेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साइटवर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशी खोटी पाटी झळकली होती. नामांकित कंपनीच्या नावावर कोणीतरी जाहिरातीची जागा विकत घेतली होती. तिथे वाचक पेपर वाचायला गेले होते.

आणि भोळेपणाच काढायचा तर पुण्यातलेच एक मोठे उदाहरण समोर आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दिवशी मालवेअरचा हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांची शहानिशा करणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली खोटी यंत्रणा मधे उभी केली. कार्ड कुठेही घातले की प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत न जाता या तोतयाकडे जायचा आणि तो ‘हो, द्या’ म्हणायचा. २८ देशांतून पैसे निघाले. पाठोपाठ स्विफ्टमार्गे हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. तेव्हा बँकेचे यंत्र हावरट होते असे कोणी म्हणाले नाही. होकार देणारी जागा चोराच्या ताब्यात गेली, असेच सगळ्यांनी म्हटले, आणि ते बरोबर होते. हाच न्याय मळ्यात उभे राहून फोन बघणाऱ्या माणसाला लावायला काय हरकत आहे? २१ मार्च २०२१ ला एमआयडीसीचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले, तेव्हा प्रादेशिक कार्यालयांचीही कामे अडली. तिथे तर संगणक विभाग असतो, पगारी माणसे असतात. उपद्रव किरकोळ आहे, पाटी बंद केली की संपले, असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. त्यात सगळ्याच प्रकारची फसवणूक आली, नुसते पॉप-अप नव्हे. पण त्यातल्या कितीतरी साखळ्यांची पहिली कडी एक दाबलेले बटण असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अँटिव्हायरस टाका, विषय संपला. तो टाकावाच. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ ला सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथून क्विक हीलसह काही कंपन्यांची सफाईची साधने फुकट मिळतात, आणि सी-डॅकने बनवलेले ‘ब्राउझर जेएसगार्ड’ हे पानातल्या घातक जावास्क्रिप्टवर नजर ठेवणारे साधनही. आपल्या पैशांतून झालेली ही चांगली कामे कोणाला माहीत नसतात आणि खोटा अँटिव्हायरस मात्र घरपोच येतो, हा वेगळाच विनोद. पण औषधाची मर्यादा आधी सांगितलीच आहे. ज्या गोष्टीला मालकाने होकार दिला तिला औषध रोग समजत नाही. नोटिफिकेशनची परवानगी हा व्हायरस नाही, म्हणून ती तपासणीत सापडणार नाही. शिवाय भीतीची पाटी हाच मुळी औषधाचा धंदा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खोटा अँटिव्हायरस विकणाऱ्या टोळीवर खटला भरला आणि २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरचा निवाडा मिळवला. लोक रोगाने लुटले गेले नव्हते, त्यावरच्या इलाजाने लुटले गेले होते.

मग जाहिरातीच बंद करणारे साधन बसवावे, असे तिसरा म्हणेल. वैयक्तिक पातळीवर तो पटण्याजोगा सल्ला आहे, आणि केंद्रातल्या सामायिक संगणकावर तर तो मी बिनदिक्कत देईन. मात्र त्याची किंमत आहे. मराठी बातम्यांच्या, शेतीच्या, बाजारभावाच्या कितीतरी साइटी याच जाहिरातींवर जगतात. पान उघडता उघडता, डोळ्याचे पाते लवेपर्यंत, तिथल्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि कोण जिंकले हे साइटच्या संपादकालाही कळत नाही. तपासणाऱ्याला साबणाची जाहिरात दिसते, आपल्याला व्हायरसची. कोणाला काय दाखवायचे हे मधला दलाल ठरवतो. बाजार समितीच्या आडतीत दलाल निदान डोळ्यांसमोर असतो आणि त्याच्याकडे परवाना असतो. पॉप-अपचा जन्मही जाहिरातदाराच्या नाजूक तब्येतीतूनच झालेला: १९९० च्या दशकात ‘ट्रायपॉड’मध्ये काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी, एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या मजकुराशेजारी दिसली म्हणून, ती वेगळ्या खिडकीत उघडणारी युक्ती काढली. २०१४ मध्ये त्यांनी ‘द अटलांटिक’मध्ये जाहीर माफी मागितली. माफी मागणारे ते बहुधा या धंद्यातले एकटेच असावेत.

कायदा काय म्हणतो हे पाहिले तर आश्चर्य वाटावे इतका तो आपल्या बाजूचा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार जाहीर करून त्यांना मनाई केली. त्यातला शेवटचा प्रकार म्हणजे व्हायरसची खोटी भीती दाखवून पैसे उकळणारे मालवेअर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या केली आहे: ती मुक्त, नेमकी, समजून-उमजून, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध हवी. या मोजपट्टीवर ‘रोबोट नाही म्हणून अलाऊ’ ही संमतीच नव्हे. घोडे पेंड खाते ते पैसे गेल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे, दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे दायित्व शून्य. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर तो कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. आता एपीकेने ओटीपी स्वतःच वाचला. ग्राहकाने तो कोणाला सांगितला नाही. मात्र चार ठिकाणी ‘अलाऊ’ त्याने दाबले. हा निष्काळजीपणा की फसवणूक? परिपत्रकाने सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले आहे, हे वाक्य शाखेत जाऊन ठणकावून सांगायला हवे. तपासाचीही एक गाठ आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे असा गुन्हा निरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला तपासता येत नाही. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एखाद-दुसरा, आणि त्याच्या टेबलावर बंदोबस्तापासून वाळूपर्यंत सगळे. म्हणून ठाण्याची वाट धरण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यात असेतोवर गोठवण्याची संधी असते, आणि ती संधी तासांत मोजतात.

दुरुस्ती होकार मागणाऱ्यांच्या बाजूने करता येते, याचा दाखलाही आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की देशातल्या बँकांनी ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली यावे, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बियाण्याच्या टॅगसारखी ही एक ठरलेली जागा झाली: शेवटी ‘बँक डॉट इन’ नसेल तर पासवर्ड टाकायचा नाही, बस्स. ग्राहकाला हुशार करण्यापेक्षा हे स्वस्त पडते. राज्य सरकारला हेच करायला कोणाची आडकाठी आहे? नंबरप्लेटचे कंत्राट कोणालाही द्या, पण नागरिकासमोरचे दार ‘जीओव्ही डॉट इन’चेच ठेवा. सातबारा पॉप-अपशिवाय उघडू द्या. १५ रुपयांचा डिजिटल सहीचा उतारा जर साध्या पीडीएफमध्ये मिळतो, तर बाकीच्या पावत्यांनाही वेगळ्या खिडकीचा हट्ट कशाला? इतक्या साइटी, इतके जुने सॉफ्टवेअर, हे एका रात्रीत होणार नाही, असे खात्यातले लोक म्हणतील. खरे आहे. पण नव्या योजनेची साइट तर नवीच असते, आणि तीही पहिल्याच दिवशी तुंबते. तिथे जुन्या सॉफ्टवेअरची सबब चालत नाही.

तोवर केंद्रातल्या संगणकाचे काय, हा प्रश्न उरतो. क्रोमच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे आजवर दिलेल्या होकारांची यादी मिळते. एखाद-दोन ओळखीची नावे, मेल, बातम्यांची साइट. त्याखाली बहुधा नुसती अक्षरांची खिचडी, उच्चारताही न येणारी, शेवटी कुठल्या देशाची ते न कळणारी. प्रत्येक नावापुढे तीन ठिपके आणि त्यात ‘रिमूव्ह’. वरच्या बाजूला एक पर्याय असा की कोणत्याच साइटला विचारू द्यायचे नाही. तो निवडला की ती छोटी चौकट पुन्हा उगवत नाही. खालोखाल ‘पॉप-अप्स आणि रीडायरेक्ट्स’ची वेगळी यादी, तिच्यातही तेच. मग ‘डाउनलोड्स’चा फोल्डर रिकामा. सगळे मिळून चहा यायला लागतो तेवढा वेळ. रांगेतल्या पुढच्या माणसाने तोवर आधारकार्ड स्कॅनरच्या काचेवर पालथे घातलेले असते.